दोर आणि वासे

नाईल नदीच्या काठी थीब्झ हे इजिप्तचे पुरातन नगर. तेथील एका भग्न देवालयात रामसेस राजाचा प्रचंड पाषाणी अर्धपुतळा शतकानुशतके वाळूत पडून होता. त्याचे वजन सात टनांहून अधिक. तो नदीपर्यंत नेण्याचे काम इ. स. १८१६ मध्ये जिओव्हानी बेल्झोनी याने अंगावर घेतले.

बेल्झोनीचा जन्म १७७८ साली इटलीतील पाडुआ येथे एका न्हाव्याच्या घरी झाला. जवळजवळ साडेसहा फूट उंचीचा हा पुरुष लंडनच्या रंगभूमीवर शक्तीचे खेळ करून पोट भरीत असे. पण जलशास्त्राचेही त्याला ज्ञान होते. पाणी उपसण्याचे एक यंत्र दाखविण्यासाठी तो १८१५ साली इजिप्तला गेला. ते यंत्र तेथील राज्यकर्त्यांनी नाकारले आणि तो निराधार झाला. तेव्हा ब्रिटिश वकील हेन्री सॉल्ट याने त्याच्यावर हे काम सोपविले.

बेल्झोनीजवळ साधने ती काय! चौदा वासे, झावळ्यांचे चार दोर आणि चार लाकडी रूळ. साधी कप्पीसुद्धा नव्हती. त्याने आठ वाशांचा बिनचाकी गाडा बांधला. तरफांनी पुतळा उचलून त्यावर चढविला आणि गाड्याखाली रूळ सारले. मजूर दोर ओढू लागले. मागे सुटलेला रूळ उचलून पुन्हा पुढे घालू लागले. वाट करण्यासाठी बेल्झोनीने दोन स्तंभांची तळखडी फोडली. आज पुराणवस्तूंचा कोणताही जाणता अभ्यासक असे करणार नाही.

उन्हाने तो स्वतः आजारी पडला. त्यातच नाईलचा पूर जवळ येत होता. सखल शेते पाण्याखाली जाण्यापूर्वी पुतळा पलीकडे न गेल्यास वर्षभर खोळंबा होणार होता. एके दिवशी स्थानिक अधिकाऱ्याच्या हुकुमामुळे मजूरच आले नाहीत. तरीही बेल्झोनी डगमगला नाही. १२ ऑगस्ट रोजी पुतळा नदीकाठी पोहोचला.

खरी कसोटी नोव्हेंबरात लागली. पूर ओसरून पाणी खाली गेले होते आणि होडी उंच काठाखाली होती. पुतळा वेगाने घसरला, तर होडी बुडणार हे उघड होते. बेल्झोनीने चार वाशांचा उतरता पूल केला. मागे ताडाचा एक ओंडका जमिनीत घट्ट रोवला, त्याला दोराचे वेढे दिले आणि दोराचे टोक गाड्याला बांधले. ओंडक्यावरील वेढ्यांच्या घर्षणाने भार तोलला जाई. दोर थोडा थोडा सैल सोडला, की गाडा तितकाच खाली सरके. अशा रीतीने पुतळा सुखरूप होडीत उतरला.

पुढे तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेला. बेल्झोनी १८२३ साली आफ्रिकेत बेनिन येथे आमांशाने मरण पावला. लोक त्याला त्याच्या बाहुबळासाठी ओळखत. पण तो पाषाण हलविला तो मजुरांच्या श्रमांनी आणि दोर व लाकूड यांचे गुण जाणणाऱ्या त्याच्या बुद्धीने.