शास्त्र्यांचा जर्मन शिष्य : फ्रान्झ कीलहॉर्न

गोंदिया : हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथे २००१ साली जर्मन माध्यमाचे एक छोटे विद्यापीठ स्थापन झाले. महाराष्ट्रात तसे विद्यापीठ कधी निघाले नाही. मात्र एकोणिसाव्या शतकात जर्मन विद्वत्तेचे एक पीठ पुण्याच्या डेक्कन कॉलेजात नांदत होते. मार्टिन हाउग यांच्यानंतर १८६६ मध्ये तेथे आलेले फ्रान्झ कीलहॉर्न हे त्या परंपरेतील थोर नाव.

३१ मे १८४० रोजी ओस्नाब्रुक येथे जन्मलेले कीलहॉर्न पुण्यात संस्कृत शिकविण्यासाठी आले आणि स्वतःच विद्यार्थी झाले. अनंतशास्त्री पेंढारकर यांच्याजवळ बसून त्यांनी पतंजलीच्या व्याकरण-महाभाष्याचे अध्ययन केले. या ग्रंथाच्या उपलब्ध संहितेविषयी तेव्हा युरोपातील काही पंडित साशंक होते. भारतीय टीकाकारांवर त्यांचा विश्वास नव्हता. कीलहॉर्न यांनी १८७६ मध्ये कात्यायन व पतंजली यांच्यावर पुस्तिका लिहून शास्त्र्यांच्या परंपरेची बाजू उचलून धरली. पुढे १८८० ते १८८५ या काळात त्यांनी महाभाष्याचे तीन खंड संपादित केले. १९६२ ते १९७२ दरम्यान भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने काशिनाथ वासुदेव अभ्यंकर यांच्याकडून त्यांची सुधारित आवृत्ती काढली. कीलहॉर्न यांचे नाव ग्रंथाच्या मुखपृष्ठावर राहिले. त्यांना वाट दाखविणारे शास्त्री मात्र विस्मृतीत गेले.

१८८१ मध्ये मायदेशी परतल्यावर ते गॉटिंगेन विद्यापीठात प्राध्यापक झाले. डेक्कन कॉलेजातील त्यांची जागा रा. गो. भांडारकर यांनी घेतली आणि १८८५ मध्ये गॉटिंगेननेच भांडारकरांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

उत्तरायुष्यात कीलहॉर्न कोरीव लेखांकडे वळले. गोंदियालगतच्या बालाघाट जिल्ह्यातील जंगलात झाडाला टांगलेले ताम्रपट सापडले होते. वाकाटक राजा दुसरा पृथिवीषेण याचे हे ताम्रपट कीलहॉर्न यांनी वाचले. त्यांतील दानलेख अपुरा आहे, पण वंशावळ उपलब्ध आहे. बुडालेले कुळ राजाने दोनदा सावरल्याचा उल्लेखही आहे. हे वाचन 'एपिग्राफिया इंडिका'च्या १९०७-०८ च्या नवव्या खंडात प्रसिद्ध झाले. १९ मार्च १९०८ रोजी कीलहॉर्न यांचे निधन झाले.

आपल्या परिसरातील राजघराण्याची नावे गॉटिंगेनमध्ये बसून वाचता आली, त्यामागे पुण्यातील पंधरा वर्षांची शिकवणी होती. त्या शिकवणीचे ऋण मान्य केल्याशिवाय कीलहॉर्न यांचे मोठेपण पुरते कळत नाही.