नाण्यांची झीज आणि गुणसूत्रांवरील अंतर

माजलगावच्या काळ्या जमिनीत पिकणाऱ्या कापसाच्या गुणसूत्रांचे नकाशे संशोधक तयार करतात, तेव्हा दोन जनुकांमधील अंतर काढण्यासाठी पुष्कळदा ज्या सूत्राचा आधार घेतला जातो, ते १९४४ सालचे सूत्र दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे आहे. इतिहासकार कोसंबी ते हेच, असे कृषिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितले जाते.

१९०७ मध्ये गोव्यात जन्मलेले, बौद्ध विद्येचे व्यासंगी धर्मानंद यांचे हे चिरंजीव १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले. पुढे बनारस, अलीगढ आणि मग पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय येथे त्यांनी अध्यापन केले. पुण्यात असतानाच तक्षशिलेच्या आहत नाण्यांनी त्यांच्या मनाची पकड घेतली. हातोहाती फिरणारे नाणे कणाकणाने झिजते. प्रत्येक झीज यदृच्छेची. परंतु असंख्य नाणी तोलली, की वजनाची सरासरी घट आणि वजनांमधील तफावत ही दोन्ही वापराच्या काळाबरोबर वाढत गेलेली दिसतात. ही कल्पना पारखण्यासाठी त्यांनी चलनातील नाणीही तराजूत घातली. ज्या किरकोळ चढउतारांना इतरांनी मोजमापातील दोष म्हणून बाजूस सारले असते, त्यांतच कोसंबींना काळाची साक्ष सापडली.

१९४३ च्या निबंधात त्यांनी यादृच्छिक चढउतारांचा विचार अमूर्त गणिताच्या पातळीवर नेला. वेडावाकडा हेलकावणारा संकेत परस्परांशी सहसंबंध नसलेल्या घटकांत उकलता येतो आणि त्यांतील मोजके प्रमुख घटक बहुतेक हालचाल सांगून जातात. कार्हुनेन आणि लोएव्ह यांना हीच गोष्ट पुढल्या काही वर्षांत स्वतंत्रपणे गवसली. पाठ्यपुस्तकांत बहुधा त्या दोघांचीच नावे उरली. पेशीतील निरोप थोड्याच रेणूंच्या भरवशावर चालतात, म्हणून ते सतत थरथरतात. ही थरथर उलगडू पाहणाऱ्या आजच्या अभ्यासकालाही अशाच गणिताची गरज भासते.

गुणसूत्रांच्या जोडीत तुकड्यांची अदलाबदल होते, तीही यदृच्छेने. मात्र एके ठिकाणी ती घडली, की लगतच पुन्हा घडण्याची शक्यता घटते. हॉल्डेन यांच्या १९१९ च्या सूत्रात हा अडथळा धरलेला नव्हता. कोसंबींनी तो धरला.

१९४५ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. संभाव्यतेवरील अढळ विश्वास तेथे त्यांना महागात पडला. त्याच मार्गाने रीमानचे गृहीतक सिद्ध केल्याचा दावा त्यांनी १९५९ मध्ये, तोही कृषी-संख्याशास्त्राच्या नियतकालिकात केला. युक्तिवाद टिकला नाही. चूक खरी होती. पण तिच्या सावलीत आधीचे भक्कम कामही झाकोळले, हा अन्यायच होय. १९६२ मध्ये संस्थेशी असलेला त्यांचा संबंध संपला. २९ जून १९६६ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, पुण्यात झोपेतच त्यांचे निधन झाले.