भाऊ दाजींचे तेल आणि त्वचेचा दरवाजा

मुंबईत भायखळ्याला राणीच्या बागेशेजारी एक देखणे वस्तुसंग्रहालय आहे. १८७२ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले, तेव्हा त्याचे नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होते. १९७५ पासून ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. भाऊ दाजी म्हटले की शिलालेख वाचणारे पंडित, मुलींच्या शाळेचे पाठीराखे आणि मुंबईचे दोन वेळचे शेरीफ अशी ओळख सांगितली जाते. ते डॉक्टर होते आणि कुष्ठरोगावर औषध शोधण्यासाठी त्यांनी अनेक वर्षे घालवली, हे मात्र थोड्यांनाच माहीत असते. त्वचेतून औषध आत कसे पोहोचवायचे, हा आजच्या औषधशास्त्रातला मोठा प्रश्न आहे. दीडशे वर्षांपूर्वी तो भाऊ दाजींसमोरही होता.

भाऊ दाजींचा जन्म १८२२ च्या सुमारास गोव्यातील मांद्रे येथे झाला. घरची परिस्थिती बेताची होती. लहानपणी ते बुद्धिबळात तरबेज होते. त्यांचा खेळ पाहून एका इंग्रज गृहस्थाने या मुलाला इंग्रजी शिकवा, असा सल्ला त्यांच्या वडिलांना दिला. मुंबईत एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकून पुढे ते तिथेच शिक्षक झाले. काठियावाड आणि कच्छमधील बालिकाहत्येवर त्यांनी लिहिलेल्या निबंधाला बक्षीस मिळाले.

१८४५ मध्ये मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. भाऊ दाजींनी शिक्षकी सोडून तिथे प्रवेश घेतला आणि १८५१ मध्ये पहिल्या तुकडीबरोबर ते बाहेर पडले. त्यांचे धाकटे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर झाले. दोघा भावांनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला. व्यवसायात भाऊ दाजींना नाव आणि पैसा दोन्ही मिळाले. त्यातला बराच पैसा जुनी हस्तलिखिते, नाणी आणि प्राचीन लेखांच्या शोधावर खर्च झाला.

संस्कृतचा हा व्यासंग त्यांच्या वैद्यकीत उतरला. जुन्या ग्रंथांत ज्या वनस्पतींचे गुण सांगितले आहेत, ते खरे आहेत का, हे रुग्णांवर पाहून ठरवायचे, अशी त्यांची पद्धत होती. सुश्रुतसंहितेत कुष्ठावर तुवरक नावाच्या झाडाच्या बियांचे तेल सांगितले आहे. पश्चिम समुद्राच्या बाजूला हे झाड होते, असे तिथे म्हटले आहे. कोकण आणि सह्याद्रीच्या पावसाळी जंगलात वाढणाऱ्या या झाडाला मराठीत कडू कवठ किंवा कवटी म्हणतात. त्याच्या बियांचे तेल भाऊ दाजींनी कुष्ठरुग्णांना दिले.

त्या काळात कुष्ठरोग म्हणजे जिवंतपणी मिळालेली शिक्षा होती. रोग आनुवंशिक आहे, असे बहुतेक डॉक्टर मानत. समाज त्याला पापाचे फळ समजे. रुग्ण घराबाहेर जाई, हातापायाची बोटे झडत आणि तळपायाच्या जखमा वर्षानुवर्षे वाहत राहत. अशा माणसांना बरे करता येईल म्हणून प्रयत्न करणे, हेच त्या वेळी धाडसाचे होते. भाऊ दाजींच्या औषधाने काही रुग्णांना गुण येत असल्याची चर्चा झाली आणि दूरदूरचे लोक त्यांच्याकडे येऊ लागले.

मात्र भाऊ दाजींनी औषध कशाचे आहे ते जाहीर केले नाही. त्यांच्या बरोबरीच्या डॉक्टरांना हे पटले नाही. औषध गुप्त ठेवायचे ही वैदूंची रीत झाली, पाश्चात्य वैद्यकात शिकलेल्या माणसाने आपले औषध सर्वांसमोर तपासायला ठेवले पाहिजे, असा आक्षेप घेतला गेला. तो आक्षेप योग्यच होता. औषध कोणते, किती मात्रेत दिले, किती जणांना दिले आणि किती जणांना उपयोग झाला नाही, हे समोर आल्याशिवाय गुण औषधाचा की योगायोगाचा, हे ठरवता येत नाही. शिलालेखाचे वाचन विद्वानांच्या सभेत मांडून त्यावर वाद घालणाऱ्या भाऊ दाजींना हे कळत नव्हते, असे म्हणता येणार नाही. पण मे १८७४ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर औषधाचा पूर्ण वृत्तांत जगापुढे आला नव्हता. ते तेल कडू कवठाचे होते, ही माहिती वैद्यकीय ग्रंथांत नंतर नोंदली गेली.

त्याच सुमारास, १८७३ मध्ये, नॉर्वेतील बर्गन शहरात गेरहार्ड हॅन्सन यांना कुष्ठरुग्णाच्या गाठीतील द्रवात काडीसारखे सूक्ष्म जंतू दिसले. रोग पापाचा नाही आणि रक्तातून वारशाने येणाराही नाही, तो जंतूंचा आहे, हे हळूहळू स्पष्ट झाले. भाऊ दाजींना ज्याच्याशी लढायचे होते तो शत्रू त्यांच्या अखेरच्या काळात पहिल्यांदा दिसला.

कडू कवठाचे आणि त्याच्या भाऊबंद असलेल्या चालमोगऱ्याचे तेल पुढे जगभर वापरले गेले. पण त्याची अडचण सुटत नव्हती. पोटात घेतले की मळमळून उलटी होई. टोचले तर ते इतके घट्ट की कातडीखाली गाठी होऊन असह्य दुखे. वरून चोळले तर ते फारसे आत जात नसे.

ते आत का जात नसे, हे आज सांगता येते. आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाहूनही पातळ असतो. त्यात मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि विटांमधल्या फटी मेदाच्या चुन्याने भरलेल्या असतात. साधारणपणे ज्या रेणूचे वजन ५०० डाल्टनपेक्षा जास्त, तो या भिंतीतून सहज जात नाही. कडू कवठाच्या तेलाच्या एका रेणूत तीन मेदाम्ले जोडलेली असतात. त्याचे वजन ८०० च्या आसपास भरते. शिवाय कुष्ठाचे जंतू त्वचेच्या खालच्या थरात आणि मज्जातंतूंत दडलेले असतात. चोळलेले तेल तिथवर पुरेसे पोहोचणे अवघड होते.

यावर एक उपाय हवाई बेटांवर अ‍ॅलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने काढला. १९१५ च्या सुमारास तिने चालमोगऱ्याच्या तेलातील मेदाम्ले वेगळी करून त्यांची अशी संयुगे बनवली, जी पातळ होती आणि टोचता येत होती. १९१६ मध्ये, अवघ्या २४ व्या वर्षी ती वारली. १९४० च्या दशकात डॅप्सोन आले आणि तेलाचे युग संपत गेले.

त्वचेच्या भिंतीतून जाण्याची दुसरी वाट १९६० च्या दशकात सापडली. इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक बँगहॅम आणि त्यांचे सहकारी लेसिथिनवर काम करत होते. लेसिथिन अंड्याच्या बलकात आणि सोयाबीनमध्ये असते. त्याच्या रेणूचे डोके पाण्याकडे ओढले जाते आणि शेपटी पाण्यापासून पळते. पाण्यात टाकले की हे रेणू दुहेरी भिंत करून स्वतःच मिटतात आणि सूक्ष्म पिशव्या तयार होतात. त्यांना लायपोसोम म्हणतात. पाण्यात विरघळणारे औषध पिशवीच्या आत राहते, तेलात विरघळणारे भिंतीत बसते.

१९८० मध्ये कॅनडातील संशोधकांनी असे लायपोसोम त्वचेवर लावून पाहिले. साध्या मलमापेक्षा त्यांतून औषध त्वचेत जास्त साठले. साधे लायपोसोम बहुतेक वरच्या थरातच अडकतात, म्हणून पुढे लवचीक भिंतीच्या किंवा अल्कोहोल मिसळलेल्या पिशव्या बनवल्या गेल्या. जखमेत प्रश्न थोडा वेगळा असतो. तिथे भिंत आधीच फुटलेली असते. औषध जागेवर टिकावे, हळूहळू सुटावे आणि जखम ओलसर राहावी, हे तिथे महत्त्वाचे असते. त्यासाठी पोव्हिडोन आयोडिनसारखे औषध लायपोसोमच्या जेलमधून देऊन भाजलेल्या त्वचेवर तपासले गेले आहे. असे बरेच प्रयोग अजून प्रयोगशाळेतच आहेत. पण त्यांची कृती, मात्रा आणि अपयश छापून येते, त्यामुळे एकाचे काम दुसऱ्याला पुढे नेता येते. भाऊ दाजींच्या तेलाला नेमके हेच लाभले नाही.

कुष्ठरोगाला आज लपवण्याचे कारण उरलेले नाही. धाराशिव असो, तुळजापूर असो वा परंडा, सरकारी आरोग्य केंद्रात बहुविध औषधोपचार मोफत मिळतो आणि सहा ते बारा महिन्यांत रोग बरा होतो. फिकट किंवा लालसर चट्टा दिसला आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर आशाताईंना किंवा डॉक्टरांना लगेच दाखवावे. उशीर झाला तर मज्जातंतू निकामी होतात. मग चप्पलेतला खडा किंवा चुलीचा चटका कळत नाही आणि त्यातून जखम होते.

ज्यांचे पाय बधिर झाले आहेत त्यांनी रोज पाय पाण्यात भिजवावेत, ओलसर असतानाच तेल किंवा व्हॅसलीन लावावे, मऊ तळव्याची चप्पल वापरावी आणि संध्याकाळी तळपाय नीट पाहावेत. उघडी जखम असेल तर ती स्वच्छ झाकून पायाला विश्रांती द्यावी. इथे तेलाला जंतू मारायचे नसतात. कोरड्या त्वचेला भेगा पडू नयेत, एवढेच त्याचे काम, आणि घरातल्या साध्या तेलानेही ते होते.