सोपाऱ्याचा कोट उघडणारे पंडित भगवानलाल इंद्रजी

जुनागढ म्हटलं की आपल्याला नरसी मेहता आठवतात. त्यांच्या हुंडीची कथा कीर्तनात ऐकली नाही असा वारकरी विरळाच. त्याच जुनागढात 1839 साली भगवानलाल जन्मले. घर वैद्याचं. वडिलांनी संस्कृत आणि औषधविद्या शिकवली.

गावाबाहेर दामोदर कुंडाच्या वाटेवर, गिरनारच्या पायथ्याशी, एक भलामोठा खडक आहे. अंगभर अक्षरं कोरलेली. यात्रेकरू येत नि पुढे जात. आपणही पंढरीत चौऱ्यांशीच्या शिळेला पाठ घासतोच की. तिच्यावर दान देणाऱ्यांची नावं आहेत हे किती जणांना ठाऊक असतं? या पोराला मात्र तो खडक चैन पडू देईना. प्रिन्सेप साहेबाने 1837 च्या सुमारास लावलेल्या ब्राह्मी मुळाक्षरांचा तक्ता पुढे त्याच्या हाती आला. इंग्रजी शिक्षण नव्हतं, पण तक्ता आणि दगड समोरासमोर धरायला इंग्रजी कशाला लागतंय! अक्षर अक्षर जुळवत पठ्ठ्याने खडक स्वतः वाचायला घेतला. अशोक, रुद्रदामन, स्कंदगुप्त, तीन राजांचे लेख एकाच शिळेवर. वय असेल पंधरा-सोळा.

1861 साली मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यांना बोलावून घेतलं. मग अजिंठा, नाशिक, कार्ले, नाणेघाट, थेट नेपाळपर्यंत भ्रमंती. लेख गुजरातीत लिहायचे, इंग्रजी दुसरे करून देत. तरी 1884 मध्ये हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर केलं.

आता आपल्या गावची गोष्ट. नालासोपाऱ्यात मातीचा एक उंचवटा होता. लोक त्याला बुरूड राजाचा कोट म्हणत. 1882 च्या एप्रिलात पंडितजींनी तो खणला. आत विटांचा स्तूप, स्तूपाच्या पोटात दगडी पेटी. पेटीत तांब्याचा करंडा, भोवती आठ बुद्धमूर्ती. तांब्यात चांदीचा, त्यात दगडी, त्यात स्फटिकाचा, शेवटी सोन्याचा करंडा. आणि सोन्यात काय, तर मातीच्या भांड्याच्या तेरा खापऱ्या! बुद्धाच्या भिक्षापात्राच्या म्हणून कुणा भाविकांनी त्या इतक्या जपल्या होत्या. माळेचा एक मणीसुद्धा जपणाऱ्या माणसाला यातलं मोल वेगळं सांगायला नको. भातेले तळ्याजवळ अशोकाच्या आज्ञेचा तुटका दगडही त्यांना मिळाला, गिरनारवर बालपणी वाचलेल्या त्याच आज्ञांपैकी आठवीचा.

1888 साली मुंबईत पंडितजी वारले, पन्नाशीही न गाठता. करंडे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहेत. कोट आपल्या नालासोपाऱ्यात, पश्चिमेला.