घोड्यावाचून स्वार

आमच्या वाड्याच्या जिन्याखाली एक काळी सायकल उभी असते. ती माझ्या आजोबांची. कसबा पेठेतून खडकीच्या दारूगोळा कारखान्यापर्यंत ते तिच्यावरून तीस वर्षे गेले आणि आले. घोट्याशी विजारीला क्लिप, हँडलला डब्याची पिशवी आणि सातेक किलोमीटरचा रस्ता, असा त्यांचा नेम. आजोबा गेले आणि सायकल जिन्याखाली गेली. तिच्यावर धूळ बसली, जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे बसले. गेल्या दिवाळीत बाबांनी सांगून टाकले की ही अडगळ आता भंगारवाल्याला द्यायची आणि त्या जागी माझी नवी स्कूटर उभी करायची. कॉलेज घरापासून सहा किलोमीटरवर. बस वेळेवर मिळेलच असे नाही. खरे सांगायचे तर मला आनंदच झाला. स्कूटरचा रंगसुद्धा मी मनाशी ठरवून टाकला होता.

त्याच सुमारास इतिहासाच्या तासाला प्रत्येकाने एका थोर व्यक्तीवर दहा मिनिटे बोलावे असे ठरले. नेपोलियन, लिंकन, गॅरिबाल्डी ही नावे पहिल्या बाकांवरच्यांनी पटापट पळवली. माझी पाळी आली तेव्हा काही सुचेना. जिन्याखालची सायकल आठवली म्हणून मी सायकलच्या जनकाचे नाव दिले. कार्ल ड्राइस. दहा मिनिटांपुरता घेतलेला हा माणूस पुढे दोन महिने माझ्या मानगुटीवरून उतरला नाही. त्याची हकीकत सांगण्यासाठीच हा लेख.

ड्राइसचा जन्म २९ एप्रिल १७८५ रोजी कार्ल्सरूह या शहरात झाला. त्या काळी जर्मनी हा एकसंध देश नव्हता. लहानमोठी अनेक संस्थाने होती आणि कार्ल्सरूह ही त्यांपैकी बाडेन संस्थानाची राजधानी. घराणे सरदारांचे, वडील संस्थानातले बडे न्यायाधीश. मुलाला बॅरनचा किताब वारसानेच मिळालेला. त्याने हायडेलबर्गच्या विद्यापीठात शिक्षण घेतले आणि पुढे जंगलखात्यात अधिकाऱ्याची जागा पत्करली. पण याचे मन झाडे मोजण्यात रमेना. त्याला यंत्रांचे वेड. अखेर त्याला पगारी रजा मिळाली आणि तो मानहाइम शहरी येऊन राहिला. आजच्या भाषेत बोलायचे तर सरकारने त्याला संशोधनासाठी मोकळे सोडले.

१८१३ मध्ये त्याने एक चारचाकी गाडी तयार केली. ती घोड्याच्या नव्हे, आत बसलेल्या माणसाच्या बळावर चाले. नेपोलियनच्या पाडावानंतर युरोपचे राजे व्हिएन्नाला जमले होते, तिथे त्याने ती नेऊन दाखवली. पण राजांना त्या वेळी नकाशे वाटून घेण्यात अधिक रस होता. गाडी मागे पडली.

मग एक विलक्षण गोष्ट घडली, तीही युरोपपासून हजारो मैलांवर. एप्रिल १८१५ मध्ये आजच्या इंडोनेशियातील सुंबावा बेटावर तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्यातून उसळलेल्या वायूंनी आणि धुळीने आभाळात इतका पातळ पडदा धरला की पुढच्या वर्षी, १८१६ मध्ये, युरोपात उन्हाळा आलाच नाही. ऐन जूनमध्ये थंडी आणि पाऊस. पिके बुडाली, धान्याचे भाव भडकले. माणसालाच खायला नाही तिथे घोड्याला ओटचा दाणा कोण देणार? बाडेनमध्ये दुष्काळ पडला. घोड्यावाचून प्रवास करण्याचा ध्यास ड्राइसला पुन्हा लागला तो याच दुष्काळामुळे, असा तर्क काही इतिहासकार करतात. तो खरा मानला तर सायकलचे मूळ एका बिघडलेल्या हवामानात आहे. हे वाचले त्या रात्री मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले.

१२ जून १८१७ रोजी ड्राइस मानहाइममधून बाहेर पडला. खाली एकामागे एक अशी दोन लाकडी चाके, मध्ये बसायला गादी, पुढचे चाक वळवण्यासाठी दांडा. पायटे नव्हते, साखळी नव्हती. दोन्ही पायांनी जमीन मागे ढकलायची आणि पुढे सरकायचे, लहान मूल पांगुळगाडा पळवते तसे. त्याने या वाहनाला धावते यंत्र असे साधे नाव दिले होते. श्वेट्सिंगनच्या वाटेवरील घोडे बदलण्याच्या ठाण्यापर्यंत तो गेला आणि परत आला. जाऊन येऊन सुमारे चौदा किलोमीटर, आणि वेळ लागला जेमतेम तासभर. मुक्कामाचे ठिकाण पाहा! जिथे लोक थकलेला घोडा बदलत, तिथेच हा गृहस्थ घोड्यावाचून पोचला. कसब्यातून खडकी आणि परत, एवढाच तो प्रवास.

या यंत्रातली खरी किमया चाकांत नव्हती, चाके तर माणसाला हजारो वर्षे ठाऊक होती. एका ओळीत ठेवलेल्या दोन चाकांवर माणूस तोल सावरू शकतो, पुढचे चाक किंचित वळवले की पडणारी गाडी सावरते, हे त्याने दाखवून दिले. आजची प्रत्येक सायकल, आणि प्रत्येक स्कूटरसुद्धा, याच शोधावर चालते.

१२ जानेवारी १८१८ रोजी बाडेनच्या राजाने त्याला या यंत्राचा एकाधिकार दिला. यंत्रशास्त्राचा प्राध्यापक ही पदवी दिली, वेतन चालू ठेवले. पण एकाधिकार बाडेनच्या वेशीपुरताच. पॅरिसमध्ये, लंडनमध्ये सुतारांनी आणि बग्गी बनवणाऱ्यांनी नकला काढल्या, शौकीन तरुणांनी त्या विकत घेतल्या. वर्ष-दोन वर्षे सगळा युरोप या लाकडी घोड्यावर बसला, आणि ड्राइसच्या पदरात त्यातले फारसे काही पडले नाही.

मग ही लाट ओसरली कशी? मला वाटले होते यंत्रातच खोट असेल. खोट रस्त्यात होती. रस्ते गाडीघोड्यांचे. चाकोऱ्यांनी चिरलेले, पावसात चिखलाचे. दोन चाकांवर तोल सांभाळणाऱ्याला त्या चाकोरीत चालणे अशक्य. तेव्हा हे स्वार पायवाटेवर चढले, कारण सपाट जागा तेवढीच. तिथे पादचाऱ्यांना धक्के बसू लागले, तक्रारी झाल्या. मानहाइम, मिलान, लंडन, एकेका शहराने पायवाटेवर हे यंत्र चालवायला बंदी केली. रस्त्यावर चालवता येईना आणि पायवाटेवर चालवू देईनात. वाहन वाईट म्हणून ते हरले नाही. शहरात त्याला जागा कुठे, हे कोणी ठरवलेच नाही, म्हणून हरले.

ड्राइसचे पुढचे आयुष्य वाचताना जीव कळवळतो. १८१९ मध्ये मानहाइमलाच कार्ल सांड नावाच्या विद्यार्थ्याने कोट्सेबू या नाटककाराचा राजकीय हेतूने खून केला. सांडला १८२० मध्ये देहदंड झाला. तरुणांच्या मनात सांड हुतात्मा ठरला आणि न्यायाधीश असलेल्या ड्राइसच्या वडिलांवर त्यांचा रोष वळला. त्याची झळ मुलालाही लागली. १८२२ मध्ये तो ब्राझीलला निघून गेला, तिथे जमीनमोजणीचे काम केले आणि १८२७ मध्ये परतला. त्याने किल्ल्यांवर बोटे मारून अक्षरे उमटवणारे यंत्र केले, मांस बारीक करणारे यंत्र केले. रेल्वे आल्यावर रुळांवर माणसाच्या बळाने चालणारी गाडीही त्याने रचली. रुळांची तपासणी करणाऱ्या अशा ट्रॉलीला युरोपात आजही त्याच्याच नावावरून ड्राइझिन म्हणतात. पण वडिलांच्या मृत्यूनंतर पाठीशी कोणी उरले नव्हते. लोक त्याला चक्रम म्हणून हसत. काही वर्षे त्याने ओडनवाल्डच्या डोंगरातील एका खेड्यात काढली.

१८४८-४९ मध्ये बाडेनमध्ये लोकशाहीसाठी क्रांती झाली. साठीच्या घरात आलेल्या या सरदारपुत्राने स्वतःहून बॅरनचा किताब टाकला आणि आपण यापुढे केवळ नागरिक कार्ल ड्राइस, असे जाहीर केले. प्रशियाच्या सैन्याने क्रांती चिरडली आणि ड्राइसचे वेतन जप्त झाले. त्याला वेडा ठरवण्याचाही प्रयत्न झाला. १० डिसेंबर १८५१ रोजी तो कार्ल्सरूहलाच कफल्लक अवस्थेत वारला. ज्या चाकाला त्याने वाट दाखवली त्याला पायटे लागलेले त्याने पाहिले नाहीत. ते पॅरिसमध्ये १८६० नंतरच्या दशकात लागले. १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये स्टार्लीची साखळीची सायकल आली, १८८८ मध्ये डनलॉपचे हवेचे टायर आले. १८९१ मध्ये जर्मन सायकलस्वारांनी पुढाकार घेऊन त्याचे अवशेष कार्ल्सरूहच्या नव्या दफनभूमीत सन्मानाने हलवले. उशिरा का होईना, ओळख पटली.

इथे इतिहासाने एक चमत्कारिक गाठ घातली आहे. ड्राइस कार्ल्सरूहला वारला तेव्हा आज त्याच शहराचा भाग असलेल्या एका गावी जन्मलेला दुसरा एक कार्ल सात वर्षांचा होता. तो कार्ल बेन्झ. त्यानेही पुढे मानहाइमलाच कारखाना काढला आणि २९ जानेवारी १८८६ रोजी पेट्रोलवर चालणाऱ्या तीनचाकी मोटारीचा एकाधिकार मागितला. त्या मोटारीची तारांच्या आऱ्यांची चाके आणि साखळी सायकलच्या घराण्यातलीच! म्हणजे सायकल आणि मोटार, दोन्ही एकाच शहराची लेकरे. एकीला रस्ता मिळाला नाही, दुसरीसाठी शहरेच्या शहरे पुन्हा बांधली गेली. अमेरिकेत तर चांगल्या रस्त्यांसाठी पहिली चळवळ सायकलस्वारांनी केली, आणि त्या गुळगुळीत रस्त्यांवर मोटार येऊन बसली.

एवढे वाचून झाल्यावर मी एक हिशेब मांडला. आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांचे गणित कच्चे, पण हा गुणाकारच आहे. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. कॉलेजला जाऊन येऊन बारा किलोमीटर, वर्षाचे दोनशे दिवस. लिटरला पंधरा किलोमीटर जाणारी मोटार वापरली तर वर्षाला सुमारे ३७० किलो. पंचेचाळीस किलोमीटर जाणारी स्कूटर घेतली तर सव्वाशेच्या आसपास. बसमध्ये हा भार पन्नास जणांत वाटला जातो. आणि सायकल? शून्य धूर, थोडा घाम. ड्राइसच्या काळात हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते, आज ४२० हून अधिक आहेत. त्याच्या वेळचे हवामान ज्वालामुखीने बिघडवले होते, आणि एक-दोन वर्षांत ते निवळले. आमचे आम्ही रोज थोडेथोडे बिघडवतो आहोत. ते आपोआप निवळणारे नाही.

सायकल मी कोपऱ्यावरच्या दुकानात नेली. नवे टायर-ट्यूब, नवी चेन, छर्रे, ब्रेकची रबरे. दुकानदारकाकांनी गंजलेला सांगाडा थोपटून तो अजून पन्नास वर्षे काढील असा निर्वाळा दिला. पहिल्या दिवशी कॉलेजला निघाले आणि पहिल्याच चौकात ड्राइस भेटला. सायकलींसाठी म्हणून आखलेल्या पट्ट्यावर मोटारी उभ्या होत्या, पुढे एक हातगाडी, तिच्यापुढे खड्डा. रस्त्यावर उतरावे तर मागून बसचा भोंगा, पदपथावर चढावे तर आजीबाईंचा रागीट कटाक्ष. दोनशे वर्षे झाली, तरी प्रश्न तोच: या शहरात हिची जागा कोणती?

घरी हे सांगितल्यावर बाबा म्हणतील की म्हणूनच स्कूटर घे, अशी माझी अपेक्षा होती. ते गप्प बसले. मग त्यांनी सांगितले की लहानपणी आजोबांसोबत त्याच सायकलच्या दांड्यावर बसून ते खडकीपर्यंत जात आणि तेव्हा रस्ता सायकलींनीच भरलेला असे. त्यांची काळजी माझ्या जिवाची होती, आणि ती खोटी नव्हती. आमचा तह झाला: मागे लाल दिवा लावायचा, गर्दीचा पूल टाळून पेठांमधल्या गल्ल्यांनी जायचे, पावसात बसने जायचे आणि स्कूटरचा विचार एक वर्ष पुढे ढकलायचा. त्या पट्ट्यावरील मोटारींबद्दल आम्ही वर्गातल्या अकरा जणांनी महापालिकेला अर्ज दिला आहे. उत्तर अजून यायचे आहे.

माझे दहा मिनिटांचे भाषण पंचवीस मिनिटे चालले. सरांनी घड्याळ दाखवले नाही. सध्या रोज निघताना मी जिन्याखालून सायकल ओढून काढते, तेव्हा आजोबांबरोबर त्या दुसऱ्या म्हाताऱ्याचीही आठवण होते. त्याने माणसाला घोड्यावाचून स्वार केले. त्या स्वाराला रस्ता देण्याचे काम तेवढे आपल्याकडे राहिले आहे.