आद्य नाटककार कै. विष्णुदास भावे

थोरांची चरित्रे वाचावयाची ती त्यांच्या आयुष्यातून आपल्या कुटुंबास व समाजास उपयोगी असे काही घ्यावे म्हणून. आपल्या ज्ञातिमंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी अशा एखाद्या पुरुषाचे स्मरण केले जाते. यंदा मी ज्यांचे चरित्र सादर करीत आहे ते कै. विष्णुदास भावे आपल्या ज्ञातीचे अथवा आपल्या वऱ्हाडातले नव्हते. तथापि नाटक ही सर्व महाराष्ट्राची आवड आहे आणि तिचा उगम ज्या पुरुषापाशी पोहोचतो, तो पुरुष सर्वांचाच होय.

विष्णुदासांचे पूर्ण नाव विष्णू अमृत भावे. त्यांचे वडील अमृतराव हे सांगलीचे अधिपती श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन ह्यांच्या पदरी नोकरीस होते. विष्णुपंतांचे शालेय शिक्षण बेताचेच. परंतु हात कसबी, कान तयार आणि कविता करण्याची हौस उपजत. लाकडाच्या हालत्या बाहुल्या करण्यात त्यांचा हातखंडा होता. त्यांच्या ह्या बाहुल्या पुढे श्री. रामदास पाध्ये ह्यांनी पुनः रंगमंचावर आणल्या, हे पुष्कळांस ठाऊक असेल.

१८४२ साली कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ सांगलीस झाले. ते पाहून आप्पासाहेबांच्या मनात आले की, असेच खेळ मराठीत, पण अधिक नीटनेटके व सुसंस्कृत असे व्हावेत. हे काम त्यांनी विष्णुपंतांवर सोपविले. समोर नमुना नाही, शिकलेली पात्रे नाहीत, आणि सोंग घेऊन लोकांपुढे उभे राहणे हे प्रतिष्ठित घरांत हलके समजले जाई. अशा स्थितीत विष्णुपंतांनी आख्याने रचली, पदांना चाली लावल्या, मुले जमविली व त्यांना तयार केले. अखेर ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीच्या राजवाड्यात सीतास्वयंवराचा प्रयोग झाला. हाच दिवस आज मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळण्यात येतो.

त्या नाटकांची रीत आजच्याहून फार निराळी होती. आरंभी सूत्रधाराचे मंगलाचरण, विदूषकाचा प्रवेश, गणपतीचे व मोरावर बसलेल्या सरस्वतीचे आगमन, आणि मग आख्यान. पदे सूत्रधार म्हणे. पात्रांची भाषणे मात्र लिहिलेली नसत. जो प्रसंग असेल त्यास अनुसरून पात्राने आपल्या बुद्धीप्रमाणे बोलावयाचे. राक्षस आरडाओरडा करीत येत आणि स्त्रियांची कामे पुरुषच करीत. म्हणजे एका रात्री जे बोलणे झाले ते त्या रात्रीबरोबरच संपले. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढील विवेचनाचे मर्म तीत आहे.

१८५१ साली आप्पासाहेब निवर्तले आणि राजाश्रय सुटला. मंडळी तर उभी केलेली, तिचा खर्च चालवावयाचा कसा? विष्णुपंत खचले नाहीत. मंडळी घेऊन ते दौऱ्यावर निघाले व १८५३ साली मुंबईस पोहोचले. तेथे ग्रँट रोडवर १८४६ साली उभारलेले नाट्यगृह होते. त्या नाट्यगृहात मार्च १८५३ मध्ये त्यांनी तिकीट लावून प्रयोग केले व इंग्रजी वृत्तपत्रांत त्यांच्या जाहिराती दिल्या. त्याच वर्षी राजा गोपीचंदाचे आख्यान त्यांनी हिंदीतून केले. राजवाड्यातील खेळ अशा रीतीने सामान्य प्रेक्षकापर्यंत आला.

१८६२ च्या सुमारास विष्णुपंतांनी मंडळीचा व्याप सोडला व सांगलीस शांतपणे राहू लागले. त्यांच्या हयातीतच काळ पालटला. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचे संगीत शाकुंतल रंगभूमीवर आले आणि जुनी आख्याने मागे पडू लागली. तेव्हा ह्या वृद्ध पुरुषाने एक मोठे शहाणपणाचे काम केले. आपण रचलेली पन्नासांहून अधिक आख्याने एकत्र करून त्यांनी १८८५ साली नाट्यकवितासंग्रह ह्या नावाने छापविली. ९ ऑगस्ट १९०१ रोजी त्यांचे देहावसान झाले. सांगलीचे विष्णुदास भावे नाट्यमंदिर आज त्यांचे नाव चालवीत आहे.

आता विचार करावा. भाषणे तर हवेत विरली. विष्णुपंतांची पदे आपल्यास मिळतात ती त्यांनी स्वतः जपून छापविली म्हणून, आणि मुंबईच्या प्रयोगांचे दिवस सांगता येतात ते जाहिराती शिल्लक राहिल्या म्हणून. रात्रीच्या खेळाचा साक्षीदार तो कागदच. ग्रंथांसाठी तरी कै. शंकर गणेश दाते ह्यांच्यासारख्या तपस्व्याने १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली. नाटकाचे हँडबिल हा ग्रंथ नव्हे, म्हणून ते अशा सूचीच्या बाहेर राहते आणि बहुधा रद्दीत जाते.

संशोधन ग्रंथालयात अशी जुनी हँडबिले लावण्याचे काम दिसते तितके सोपे नाही. प्रत्येक पत्रकास एक क्रमांक देऊन नाटक, नाटककार, मंडळी, गाव, नाट्यगृह, दिवस, तिकिटाचे दर व छापखाना ह्यांची नोंद करावी लागते. पहिली अडचण नावांची. विष्णुदास भावे व विष्णू अमृत भावे हे एकच, हे नोंद करणाऱ्यास ठाऊक हवे. भावे ह्यांच्या मागून इचलकरंजीकर, आळतेकर अशा गावांच्या नावांच्या मंडळ्या निघाल्या. त्यांची पत्रके एकमेकांत मिसळून चालत नाही. दुसरी अडचण सालाची. हँडबिल चार दिवसांच्या कामाचे, म्हणून त्यावर वार व तारीख असते, पण साल पुष्कळदा नसते. तेथे पंचांग उपयोगी पडते. ५ नोव्हेंबर १८४३ ह्या दिवशी रविवार होता. त्या तारखेस पुनः रविवार आला तो १८४८ साली व नंतर १८५४ साली. म्हणजे वार व तारीख जुळली की मोजकी साले उरतात, आणि त्यांतले खरे कोणते ते पात्रांच्या नावांवरून, नाट्यगृहावरून अथवा आश्रयदात्याच्या उल्लेखावरून ठरते. १८५१ साली निवर्तलेल्या आप्पासाहेबांचा आश्रय ज्यावर छापला आहे ते पत्रक १८५४ चे कसे असेल?

येथे मला माझा स्वतःचा अपराध सांगितला पाहिजे. आमच्या धामणगाव बढे येथे माझ्या लहानपणी गणेशोत्सवात गावकरी मंडळी नाटक बसवीत. माझे वडील बंधू एका नाटकात स्त्रीपार्ट करीत आणि त्यांचे काम पाहण्यास शेजारच्या गावांहून गाड्या येत. त्या नाटकाची उरलेली हँडबिले गठ्ठ्याने घरी पडली होती. मी ती वह्यांना पुठ्ठे घालण्यास वापरली. आज बंधू हयात नाहीत. त्यांच्या नातवाने मला विचारले की, आजोबांनी कोणत्या साली काम केले व त्यांच्याबरोबर कोण कोण होते? चाळीस वर्षे मुलांना इतिहास शिकविलेल्या मला त्याचे उत्तर देता आले नाही. एक पत्रक राहिले असते तर पुरे होते.

म्हणून ज्ञातिबांधवांस व भगिनींस माझी नम्र विनंती आहे. घरातील पेट्यांत नाटकाची हँडबिले, लग्नपत्रिका, सभेची पत्रके, मंडळाचे जुने अहवाल असतील तर ते जाळू अथवा विकू नयेत. कागद घडी उलगडून सपाट ठेवावा, त्यास चिकटपट्टी लावू नये, टाचणी काढून टाकावी, ओल व वाळवी ह्यांपासून जपावे, आणि मागील बाजूस शिसपेन्सिलीने साल व माणसांची नावे लिहून ठेवावीत. घरातील वडीलधारे आहेत तोवरच हे विचारून घ्यावे. मंडळाने एक कपाट व एक नोंदवही ह्या कामास द्यावी, आणि ती नोंदवही लिहिण्याचे काम मी आनंदाने पत्करतो.

विष्णुपंतांनी उतारवयात आपली आख्याने गोळा केली नसती, तर आज त्यांचे केवळ नावच उरले असते. आपल्या वडिलांची नावे तरी उरावीत, एवढे आपल्या हाती आहे.