आकाशातून पडलेल्या दगडांना न्याय देणारे क्लाडनी

आकाशातून दगड पडल्याचे एखाद्या शेतकऱ्याने सांगितले, तर अठराव्या शतकातील युरोपीय विद्वान ती अंधश्रद्धा समजत. १७६८ मध्ये फ्रान्समधील ल्यूसे येथे पडलेला दगडही वीज कोसळलेला जमिनीवरचाच दगड असल्याचा निष्कर्ष लाव्हाझिए यांच्यासह तेथील शास्त्रज्ञांनी काढला होता. हा समज खोडून काढण्याचे श्रेय प्रामुख्याने जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट क्लाडनी यांच्याकडे जाते.

क्लाडनी यांचा जन्म ३० नोव्हेंबर १७५६ रोजी विटेनबर्ग येथे झाला. वडिलांच्या इच्छेनुसार त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले. मात्र वडिलांच्या निधनानंतर ते विज्ञानाकडे वळले. कंप पावणाऱ्या पत्र्यावरील वाळूत उमटणाऱ्या आकृत्यांमुळे ध्वनिशास्त्रात त्यांची कीर्ती झाली.

१७९३ मध्ये गॉटिंगेन येथे लिश्टेनबर्ग यांच्याशी झालेल्या चर्चेनंतर त्यांनी तेथील ग्रंथालयात सुमारे तीन आठवडे जुन्या नोंदी तपासल्या. परस्परांना न ओळखणाऱ्या, निरनिराळ्या देशांतील लोकांनी अग्निगोल, गडगडाट आणि त्यापाठोपाठ पडलेले दगड यांचे सारखेच वर्णन केले होते. कायद्याच्या या अभ्यासकाने त्या नोंदी साक्षी मानून पारखल्या. हे दगड आणि सायबेरियात सापडलेला लोखंडाचा प्रचंड गोळा अवकाशातून आले असावेत, असे त्यांनी १७९४ च्या ग्रंथात मांडले. ग्रहताऱ्यांमधील अवकाश रिकामे असल्याच्या तत्कालीन समजुतीमुळे अनेकांनी ते अमान्य केले.

पुरावे मात्र वाढत गेले. १७९४ मध्ये इटलीतील सिएना, १७९५ मध्ये इंग्लंडमधील वोल्ड कॉटेज आणि १९ डिसेंबर १७९८ रोजी बनारसजवळ दगड पडले. या दगडांच्या रासायनिक पृथक्करणात एडवर्ड हॉवर्ड यांना निकेल आढळले. १८०२ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दूरदूरच्या दगडांची घडण सारखी होती. २६ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्समधील लेग्ल येथे सुमारे तीन हजार दगड कोसळले. ज्याँ-बाप्तिस्त बियो यांनी गावोगावी फिरून ग्रामस्थांच्या साक्षी नोंदवल्या आणि त्यानंतर विरोध ओसरला.

क्लाडनी यांना कायमस्वरूपी नोकरी कधीच मिळाली नाही. गावोगावी व्याख्याने देत त्यांनी चरितार्थ चालवला आणि त्याच भ्रमंतीत अशनींचे नमुने जमवले. १८१९ च्या ग्रंथात त्यांनी आकाशातून पडल्याचे सांगितल्या जाणाऱ्या धूळ व मऊ पदार्थांच्या नोंदीही संकलित केल्या. ३ एप्रिल १८२७ रोजी ब्रेस्लाऊ येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा अशनीसंग्रह त्यांच्या इच्छेनुसार बर्लिनला देण्यात आला.